संताच्या गळ्यात सापांच्या माळा

कोकुल्लोची लोकसंख्या दोनशेच्या आसपास. दर वर्षी १ मे रोजी मात्र गावाच्या चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. इटलीच्या मध्यभागी, अब्रुत्सो विभागातल्या लाक्विला जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर डोंगराच्या उतरणीला बिलगून बसलेलं हे दगडी घरांचं गाव. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास संत दोमेनिकोची मूर्ती चर्चमधून बाहेर येते. ती दाराबाहेर टेकते न टेकते तोच गावातली तरुण मंडळी, बाया, शाळकरी पोरं पुढे सरसावतात आणि मूर्तीच्या गळ्यात, खांद्यांवर, हातातल्या दंडाभोवती जिवंत साप घालतात. दोन-चार नव्हे, चांगले डझनांनी. साप एकमेकांत गुंतत वर चढतात, संताच्या कपाळावरून आणि कानामागून वाट काढतात. मग बँड वाजायला लागतो, मूर्ती खांद्यावर उचलली जाते आणि मिरवणूक अरुंद गल्ल्यांमधून गावभर फिरते.

या सणाला ‘फेस्ता देई सेर्पारी’ म्हणतात, म्हणजे साप पकडणाऱ्यांचा सण. एक साप पकडणारा तो सेर्पारो, अनेक असले की सेर्पारी. सण संताचा असला तरी नाव या लोकांचं आहे, आणि ते रास्तच आहे. संत वर्षभर चर्चमध्येच असतो. साप मात्र दर वर्षी नव्याने, डोंगर तुडवून आणावे लागतात.

हा दोमेनिको म्हणजे डॉमिनिकन पंथाची स्थापना करणारा प्रसिद्ध स्पॅनिश संत नव्हे. हा त्याच्या दोनेक शतकं आधीचा. जन्म ९५१ सालचा, इटलीतल्याच फोलिन्योचा. बेनेडिक्टाइन साधू. एका जागी स्थिर राहणं त्याच्या स्वभावात नसावं. आजच्या लात्सिओ, अब्रुत्सो आणि मोलीझे या भागांतल्या डोंगरांमधून तो फिरत राहिला. कुठे गुहेत एकांतात राहायचं, लोक जमू लागले की मठ उभा करायचा, आणि तो मार्गी लागला की पुढची वाट धरायची. २२ जानेवारी १०३१ रोजी सोरा इथल्या आपल्याच मठात त्याने देह ठेवला. त्यामुळे त्याला ‘सोराचा दोमेनिको’ म्हणतात.

कोकुल्लोतून निघताना त्याने गावकऱ्यांना आठवण म्हणून दोन वस्तू दिल्या, अशी कथा आहे: स्वतःची एक दाढ आणि आपल्या खेचरीच्या खुराचा नाल. दोन्ही वस्तू गावाने आजवर जपल्या आहेत. दाढ दिली म्हणून तो दातदुखीवर इलाज करणारा. नाल दिला म्हणून तो जनावरांचा राखणदार. पूर्वी गुरांना आणि कुत्र्यांना या नालाचा स्पर्श करवत, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यापासून त्यांचं रक्षण होईल अशी श्रद्धा होती. सर्पदंशावरही त्याचीच कृपा, लांडग्याच्या भीतीवरही. साप, लांडगा, पिसाळलेलं कुत्रं आणि रात्रभर ठणकणारी दाढ ही यादी वाचली की हा संत कोणाचा होता हे वेगळं सांगावं लागत नाही. तो मेंढपाळांचा आणि डोंगराळ शेतकऱ्यांचा. डॉक्टर ज्यांच्यापासून दिवसभराच्या वाटेवर होता, त्यांचा.

आणि ही श्रद्धा अजून दिसते, डोळ्यांसमोर घडते. चर्चमध्ये एक छोटी घंटा टांगलेली आहे, तिला साखळी आहे. भाविक रांगेत उभे राहतात. आपली पाळी आली की साखळी हाताने ओढायची नाही, दातांत धरायची. एखादी आजी आधी नातवाला पुढे करते. तो लाजतो, मागे बघतो. मग साखळीचं टोक ओठांत धरतो, मान खाली झटकतो, वर घंटा टणकन वाजते. लगेच पुढचा माणूस. कोणी पर्यटक म्हणून हे करतो, कोणी खरोखर दात दुखतो म्हणून. रांगेत उभ्या असलेल्यांमध्ये कोण कोणत्या भावाने आला आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, आणि गावाला त्याची चौकशी करावीशीही वाटत नाही.

दुसरा विधी मातीचा. चर्चमध्ये संताच्या जागेमागे माती ठेवलेली असते. लोक ती रुमालात, कागदात, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी थोडी घेऊन जातात. ही माती शेताच्या बांधावर, अंगणात, गोठ्याच्या कडेला टाकली की साप आणि इतर त्रासदायक जीव लांब राहतात असं मानतात. इथे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या दिवशी गाव साप हातात घेतं, गळ्यात घालतं, लहान मुलांच्या मनगटाला गुंडाळतं, त्याच दिवशी ते सापांना दूर ठेवणारी मातीही घरी नेतं. सापाशी वैर नाही, पण सापाने आपल्या हद्दीत राहावं. डोंगरात राहणाऱ्या माणसाचा हा सरळ व्यवहार आहे.

सणाची खरी तयारी मात्र मार्चच्या अखेरीस सुरू होते. बर्फ वितळतं, दगडी बांध उन्हाने तापायला लागतात आणि थंडीत निपचित पडलेले साप बिळांतून बाहेर येऊन ऊन खात पडतात. सेर्पारी नेमके याच वेळी निघतात. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार, पडक्या भिंती, ओढ्याकाठची झुडपं, कुठे काय सापडेल हे त्यांना पाठ असतं. साप दिसला की त्याला हाताने धरायचं. धरायच्या आधी तो कोणता आहे हे ओळखायचं, कारण याच डोंगरांत विषारी व्हायपरही आहे आणि एका क्षणाची चूक महागात पडते. हे ओळखणं पुस्तकातून आलेलं नाही. बाप मुलाला सोबत नेतो, काका पुतण्याला. आता मुलीही जातात.

पकडायचे ते फक्त बिनविषारी साप, आणि त्यातही चार जाती. सगळ्यांत मानाचा चेर्वोने. युरोपातल्या सर्वांत लांब सापांमध्ये त्याची गणना होते. दोन मीटरच्या पुढेही जातो. पिवळसर तपकिरी अंग आणि त्यावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या चार काळपट रेघा. एवढा मोठा असूनही स्वभावाने गरीब, हातात घेतला की चावायचं सोडाच, फारशी धडपडही करत नाही. मूर्तीवर सर्वांत जास्त जागा त्याचीच. दुसरा साएत्तोने, सडपातळ, चकचकीत, झाडावर सरसर चढणारा. तिसरा पाणवठ्याजवळ सापडणारा, मानेवर पट्टा असलेला पाणसाप. चौथा बियाक्को, काळा, चपळ आणि तापट. याचा चावा विषारी नसला तरी झोंबतो. नवख्या माणसाच्या हाती बियाक्को दिला जात नाही.

चेर्वोनेविषयी या भागात एक जुनी समजूत आहे. तो गाईच्या पायांना विळखा घालून तिचं दूध पितो म्हणतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांत हीच गोष्ट धामणीबद्दल सांगतात. सापाला दूध पचत नाही, त्याच्या तोंडाची ठेवण दूध ओढण्यासारखी नाही, हे दोन्हीकडच्या प्राणिशास्त्रज्ञांनी किती वेळा सांगितलं तरी दोन्हीकडचे गुराखी आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत.

पकडलेले साप सणापर्यंत सांभाळावे लागतात. पूर्वी मातीच्या मडक्यांत ठेवत, आता लाकडी पेट्यांत कोंडा पसरून ठेवतात. सण झाला की प्रत्येक साप जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा हा नियम. सेर्पारोला आपला साप कुठला हे माहीत असतं, आणि कोणत्या दगडाखाली सोडायचा हेही.

हा नियम आज केवळ गावाच्या चालीरीतीवर अवलंबून नाही. चेर्वोने हा युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास-संरक्षण निर्देशानुसार कडक संरक्षण मिळालेला जीव आहे. त्याला पकडणं, जवळ ठेवणं, छेडणं या सगळ्याला बंदी. १९९७ मध्ये इटलीने हा निर्देश आपल्या कायद्यात उतरवला. म्हणजे कायद्याचा काटेकोर अर्थ लावला असता तर कोकुल्लोचा सण त्याच दिवशी संपला असता. तसं झालं नाही, कारण गावाला खास परवानगीची वाट मिळाली आणि त्या परवानगीबरोबर शास्त्रज्ञ गावात आले. गेली काही वर्षं सर्पतज्ज्ञ सेर्पारींनी आणलेल्या सापांची नोंद ठेवतात. साप मोजतात, त्यांचं वजन करतात, तोंडात आणि अंगावर काही आजार आहे का ते पाहतात, काहींच्या कातडीखाली छोटी ओळखचिप बसवतात. पुढच्या वर्षी तोच साप पुन्हा सापडला तर तो किती वाढला, कुठवर फिरला हे कळतं. डोंगरात सहसा दृष्टीस न पडणाऱ्या या जिवाची एवढी माहिती साठली ती गावच्या देवभोळ्या सणामुळे. ही गोष्ट अभ्यासकांनीही मान्य केली आहे.

मराठी वाचकाला इथे सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक होत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतर उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ते थांबलं. दोन्ही ठिकाणची परिस्थिती एकसारखी नाही हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. शिराळ्याचा नाग विषारी, गर्दी फार मोठी, आणि खेळ-स्पर्धांमध्ये सापांचे हाल होतात ही तक्रार खरी होती. पण कोकुल्लोने एक मार्ग दाखवला आहे, हे नाकारता येत नाही. तिथे ज्याच्या हाताला सापाची सवय होती त्यालाच सापाच्या रक्षणाच्या कामात घेतलं. सेर्पारोला गुन्हेगार ठरवण्याऐवजी त्याच्या हातात वही दिली. परंपरा आणि वन्यजीव यांचं भांडण सुरू झालं की आपल्याकडे एक बाजू जिंकते आणि दुसरी रुसते. या डोंगरी गावाचा अनुभव त्यासाठीच बारकाईने पाहण्यासारखा आहे.

सणाची सकाळ लवकर उजाडते. सोरा, आतिना अशा दूरच्या गावांहून यात्रेकरूंच्या दिंड्या येतात. पूर्वी सगळे चालत येत, रात्र वाटेत काढत. आता बहुतेक बसने येतात, पण गावाच्या वेशीपासून आपलं निशाण उंच धरून, संताचं गाणं म्हणत, पायीच आत शिरतात. चर्चमध्ये दर्शन झालं की जुने भाविक तोंड फिरवत नाहीत, संताकडे पाठ होऊ नये म्हणून मागच्या पावलांनी दारापर्यंत येतात. गर्दीत हे सोपं नसतं. पण मागचे लोक आपणहून वाट देतात.

चौकात तोवर सेर्पारी आपापले साप घेऊन उभे असतात. हा सणाचा सगळ्यात मोकळा भाग. गळ्यात चेर्वोने घातलेला एखादा पोरगा भोवतीच्या शहरी पाहुण्यांना सांगत असतो, इथे धरा, मधे धरा, डोकं दाबू नका, हाताला खालून आधार द्या. भीतीने मागे सरकलेल्या बाईच्या हातावर तो सापाचं अंग हलकेच टेकवतो. तिला आधी वाटलेलं असतं की साप ओला, चिकट असेल. तो कोरडा निघतो, मऊ आणि उन्हाने थोडा कोमट झालेला. तिचा चेहरा बदलतो, आणि मग ती स्वतःहून दुसरा हात पुढे करते. सापाची भीती घालवायला यापेक्षा चांगली शाळा कुठे असेल असं वाटत नाही.

मूर्ती बाहेर आल्यावर मात्र चेष्टा-मस्करी थांबते. साप घालण्याचं काम सेर्पारींचं. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पारंपरिक पोशाखातल्या मुली डोक्यावर टोपल्या घेऊन चालतात. टोपल्यांमध्ये ‘चांबेल्लानी’ नावाच्या कड्याच्या आकाराच्या पाच-पाच भाकऱ्या असतात, संताच्या एका चमत्काराची आठवण म्हणून. मिरवणूक संपल्यावर या भाकऱ्या मूर्ती उचलणाऱ्यांना आणि निशाण धरणाऱ्यांना मानाने दिल्या जातात. पूर्वी म्हातारी माणसं साप मूर्तीवर कसे सरकतात, डोक्याकडे जातात की हातांकडे, यावरून पुढचं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधत. मिरवणूक परतली की सेर्पारी आपापले साप उतरवून घेतात. सर्वांत लांब, सर्वांत देखणा साप कोणाचा यासाठी बक्षिसंही असतात. पोरांच्या दृष्टीने दिवसाचा हाच कळस.

या सणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण लगेच दोन-अडीच हजार वर्षं मागे जातात, आणि त्याला कारणही आहे. कोकुल्लोच्या पश्चिमेला फुचिनोचं विशाल खोरं आहे. एकोणिसाव्या शतकात उपसून कोरडं केलेलं ते सरोवर एके काळी इटलीतल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी होतं. त्याच्या काठी मार्सी नावाचे प्राचीन लोक राहत. सापांना वश करणारे आणि विष उतरवणारे म्हणून रोमन जगात त्यांची ख्याती होती. आंजित्सिया नावाच्या त्यांच्या देवीचं पवित्र वन सरोवराच्या काठी होतं, आजच्या लूको देई मार्सी या गावाजवळ. महाकवी व्हर्जिलने ‘एनिड’मध्ये उंब्रो नावाचा एक मार्सी पुरोहित रंगवला आहे. गाण्याने आणि हाताच्या स्पर्शाने तो सापांना झोपवतो, त्यांच्या दंशावर औषध देतो. पण युद्धात लागलेल्या भाल्याच्या जखमेवर त्याची वनौषधी चालत नाही, तो मरतो, आणि आंजित्सियाचं वन त्याच्यासाठी रडतं.

गोष्ट सुंदर आहे. म्हणून कोकुल्लोचा संत म्हणजे ख्रिस्ती कपडे घातलेली आंजित्सियाच, असं पर्यटन-पुस्तिका छातीठोकपणे सांगतात. ते इतकं सरळ नाही. देवीची पूजा बंद झाली आणि संत या डोंगरांत आला, यांच्यामध्ये कित्येक शतकांचं अंतर आहे, आणि एक धागा सलग दाखवणारी कागदपत्रं नाहीत. इटालियन मानववंशशास्त्रज्ञ आल्फोन्सो दी नोला याने कोकुल्लोचा सखोल अभ्यास करून १९७६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याने प्राचीन देवीपेक्षा जास्त लक्ष दिलं ते प्रत्यक्ष माणसांकडे: त्यांचं कष्टाचं जगणं, त्यांची भीती, उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात पुल्याच्या मैदानात कळप नेणाऱ्या मेंढपाळांची वर्षभराची वाट. साप चावला की मृत्यू समोर दिसणाऱ्या माणसाला आधार हवा होता. तो त्याला या संतात मिळाला. हे स्पष्टीकरण देवीच्या कथेइतकं रोमांचक नाही, पण जास्त पटतं. गावात आज दी नोलाच्या नावाने अभ्यासकेंद्र चालतं.

लेखक-चित्रकारांनाही या परिसराने ओढून घेतलं. गाब्रिएले दानुंत्सिओने १९०५ मधल्या आपल्या एका नाटकाची पार्श्वभूमी शेजारच्या अन्वेर्सा गावाची घेतली आणि त्यात एक सेर्पारो आणला. डच चित्रकार एशरने १९३० मध्ये अन्वेर्साजवळच्या कास्त्रोवाल्वा या कड्यावरच्या वस्तीचं शिळामुद्रण केलं. आजही रस्त्याच्या एका वळणावर उभं राहिलं की चित्र आणि डोंगर जुळवून पाहता येतात.

फक्त कोकुल्लो पाहून परत फिरणं म्हणजे अर्धीच यात्रा. या डोंगरांत प्रत्येक ऋतूला आपला सण आहे आणि प्रत्येक गावाला आपला. १६ जानेवारीच्या रात्री, जनावरांचा कैवारी संत अंतोनियो याच्या सणाच्या आदल्या दिवशी, फुचिनोपलीकडच्या कोल्लेलोंगोत मोठमोठ्या कढयांत रात्रभर मका शिजत असतो. घरं सजवलेली, दारं उघडी, येईल त्याला शिजलेला मका आणि वाइन. दुसऱ्या दिवशी स्कान्नोमध्ये चर्चसमोर सान्ये नावाचा घरगुती पास्ता तांब्याच्या कढईत शिजवून साऱ्या गावाला वाटतात.

ईस्टरला सगळा परिसर सुल्मोनाकडे धावतो. हे बावीस-तेवीस हजार वस्तीचं शहर, कवी ओव्हिडची जन्मभूमी, बदामावर साखरेचा थर चढवलेल्या ‘कोन्फेत्ती’साठी प्रसिद्ध. गुड फ्रायडेच्या रात्री लाल झग्यातले बंधुसंघाचे लोक पाय जमिनीवरून न उचलता, डुलत, घासत पुढे सरकतात. ईस्टरच्या सकाळी गारिबाल्दी चौकात काळ्या वस्त्रातली मरियम हळूहळू येते. पुत्र जिवंत झाल्याचं तिला पटत नसतं. चौकाच्या दुसऱ्या टोकाला तो दिसतो, आणि मूर्ती खांद्यावर घेतलेली माणसं अचानक धावत सुटतात. धावता धावता काळा झगा खाली गळतो, आतून हिरवा पोशाख झळकतो, पारवे उडतात. मूर्ती वाटेत अडखळली नाही, झगा नीट गळला, तर साल चांगलं. धावणाऱ्यांच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी असतं, आणि पाहणाऱ्यांच्याही.

मे महिना संत दोमेनिकोचा. मायेल्ला पर्वताच्या पायथ्याच्या प्रेतोरोमध्येही त्याला साप वाहतात, शिवाय एक छोटं नाट्य करतात: लांडगा तान्ह्या बाळाला पळवून नेतो, आईबाप संताचा धावा करतात, आणि संताच्या आज्ञेने लांडगा बाळ परत आणून ठेवतो. त्यानंतर काही दिवसांतच कोकुल्लोच्या शेजारच्या गोरियानो सिकोलीत संत जेम्माचा सण येतो. जेम्मा ही मेंढ्या राखणारी मुलगी, मूळची दुसऱ्या गावची. म्हणून अजूनही तिच्या माहेरच्या गावाहून एक मुलगी पाहुणी म्हणून आणतात, तिची सरबराई करतात, आणि बाया सार्वजनिक भट्टीत पाव भाजून वाटतात. दोन गावांमधलं हे नातं कोणत्याही कागदावर नाही, त्या पाहुणचारावर टिकून आहे.

ऑगस्टमध्ये विल्लालागो. सागित्तारिओ नदीच्या खोऱ्यात वर चढत गेलं की एक छोटं हिरवंगार तळं लागतं. विसाव्या शतकात धरण बांधल्याने ते झालं. त्याच्या काठी संत दोमेनिको ज्या गुहेत राहिला ती गुहा आणि तिला लागून बांधलेलं देऊळवजा चर्च आहे. विल्लालागोकडेही संताचा एक दात आहे. २२ ऑगस्टच्या सणाला मोलीझेतल्या फोर्नेल्ली गावचे यात्रेकरू डोंगर ओलांडून पायी येतात. आणि वर्षाची अखेर होताना, १० नोव्हेंबरला, स्कान्नोच्या तीन वाड्या संत मार्तिनोच्या नावाने डोंगरावर लाकडांचे उंच मनोरे रचून पेटवतात. कोणाची ज्वाळा उंच, यावर पुढे कित्येक दिवस वाद चालतो. हे तेच स्कान्नो, जिथल्या काळ्या पोशाखातल्या बायांची छायाचित्रं कार्तिए-ब्रेसाँ आणि मारिओ जाकोमेल्ली यांनी जगापुढे नेली.

पण या सगळ्या सणांवर एक सावली आहे, ती रिकाम्या होत चाललेल्या घरांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकुल्लोत हजाराहून जास्त माणसं होती. शेती परवडेना, मेंढ्यांचे कळप गेले, तरुण रोमला, उत्तरेच्या कारखान्यांत आणि समुद्रापार निघून गेले. ज्या महामार्गाने पाहुणे आले त्याच महामार्गाने गावची माणसंही सोडून गेली. पूर्वी हा सण मेच्या पहिल्या गुरुवारी असे. २०१२ पासून तो १ मे या सुट्टीच्या दिवशी आणला, कारण शहरात नोकरी करणाऱ्या गावकऱ्याला गुरुवारी रजा मिळेना. देवाचा दिवस बदलायला जुन्या लोकांचं मन तयार होणं सोपं नसतं. तरी गावाने तो बदलला, आणि योग्यच केलं. आज सेर्पारींमध्ये निम्मे तरी असे असतील जे एरवी दुसऱ्या शहरात राहतात, आणि एप्रिलमध्ये शनिवार-रविवारी साप शोधायला डोंगरात येतात. २०२० मध्ये महामारीमुळे मिरवणूक होऊ शकली नाही, तेव्हा हे सगळं किती नाजूक आहे हे गावाने अनुभवलं. युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत या विधीची नोंद व्हावी म्हणून गावाने अभ्यासकांना घेऊन प्रयत्न केले आहेत. मेंढपाळांच्या ऋतुमानानुसारच्या स्थलांतराला २०१९ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. त्याच वाटांवर वाढलेल्या या सणालाही ती मिळावी, अशी इच्छा बाळगण्यात काही वावगं नाही.

ज्या मराठी प्रवाशाला जायचं असेल त्याने रोमहून सुल्मोनाकडे जाणारी रेल्वे धरावी. कोकुल्लोला स्टेशन आहे, पण गाड्या थोड्या, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावं. मोटारीने यायचं तर ए-२५ महामार्गावर कोकुल्लोचाच फाटा आहे, फक्त १ मे रोजी गाडी गावाबाहेर लांब लावून चालावं लागतं. मुक्काम सुल्मोना किंवा अन्वेर्सात करावा, आणि शक्यतो ३० एप्रिललाच पोहोचावं, म्हणजे सकाळी यात्रेकरूंच्या दिंड्या आत येताना दिसतील. मेच्या सुरुवातीला एवढ्या उंचीवर थंडी असते, पाऊसही येतो. गरम कपडे सोबत हवेत. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कॅमेरा खिशात ठेवावा. साप हातात घ्यायचा असेल तर सेर्पारोला विचारून घ्यावा, सापाच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नये, आणि दोन मिनिटांत त्याच्या धन्याला परत द्यावा, कारण त्या सापाला दुसऱ्या दिवशी आपल्या डोंगरावर परत जायचं असतं.